टोपीसकट सोनं

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला दसरा जवळ आला की एक काळजी हमखास लागते. श्रीखंडाचं जमतं, चक्का घरी बांधता येतो. झेंडू मिळतो. पाटीपूजनाला पाटी नसली तर आयपॅड चालतो, सरस्वती समजून घेते. पण सोनं कुठून आणायचं? सोनं म्हणजे आपट्याची पानं. ती हातात नसतील तर कोणाच्या दारात उभं राहायचं आणि "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" कशाच्या जोरावर म्हणायचं? तुम्ही-आम्ही सगळेच या प्रश्नातून गेलो आहोत. कोणी तुळशीची पानं वाटली, कोणी व्हॉट्सअॅपवर पानाचं चित्र पाठवून मोकळं झालं.

हाउन्सलोच्या मराठी मंडळानं मात्र या प्रश्नाचं असं उत्तर शोधून काढलं, की लंडनभरच्या मराठी मंडळींनी तोंडात बोट घालावं. ते शोधणारी होती सुप्रभा.

सुप्रभा हीथ्रोजवळच्या एका मालवाहतुकीच्या कंपनीत कस्टम्सची कामं बघायची. कुठला माल देशात येऊ शकतो आणि कुठला येऊ शकत नाही, हे लोकांना सांगण्यात तिचा दिवस जायचा. आणि एके वर्षी नाशिकच्या बहिणीनं प्रेमानं पाठवलेलं आपट्याच्या पानांचं पार्सल नेमकं विमानतळावर अडलं, झाडपाल्याच्या नियमात सापडलं आणि नष्ट झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या संध्याकाळी ती स्वतःवरच चिडून पार्कातून घरी येत होती. पार्काच्या कडेला, ओढ्याजवळ, एक जुना ओक होता. त्याची एक फांदी तिच्या डोक्याला लागली. वर बघते तो फांदीला एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, लगडलेली. गुळगुळीत फळ, वर खवल्यांची नेटकी टोपी. तिनं एक तोडलं, पर्समध्ये टाकलं आणि घरी आल्यावर नाताळातल्या उरलेल्या सोनेरी रंगात बुडवलं.

मंडळाच्या अध्यक्षीण नीना ते हातात घेऊन बघतच राहिल्या. "सुप्रभा, यू आर अ जीनियस. आपट्याच्या पानापेक्षा हे जास्त सोन्यासारखं दिसतंय."

परंपरा तयार व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही. पहिल्या वर्षी ती गंमत असते, दुसऱ्या वर्षी पद्धत होते, आणि तिसऱ्या वर्षी कोणी बदलू म्हटलं तर "आमच्याकडे पूर्वीपासून असंच आहे" म्हणून त्यालाच ऐकवतात. हाउन्सलोचं सोनं प्रसिद्ध झालं. रेडिंगची, हॅरोची माणसं दसऱ्याला इकडे येऊ लागली. सुप्रभाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी स्टेजवर बोलावून टाळ्या वाजवल्या. ऑफिसात तिला कोणी विचारत नसे, मुलगी उर्वी केंब्रिजला गेल्यापासून घरातही फारसं काही उरलं नव्हतं. दसरा हा तिचा दिवस झाला होता.

यात एकच अडचण होती. एकॉर्न पिकून आपोआप पडतं तेव्हा त्याची टोपी झाडावरच राहते, नाहीतर पडताना सुटते. टोपीशिवाय रंगवलेलं फळ सोन्यासारखं दिसत नाही, रंगवलेल्या शेंगदाण्यासारखं दिसतं. म्हणून टोपीसकट हवं असेल तर पिकायच्या आधीच झाडावरून उतरवावं लागतं. त्यावरही सुप्रभाकडे उपाय होता. लहानपणी आपण चिंचा कशा पाडत होतो? खाली चादरी अंथरायच्या, वर शिडी लावायची आणि काठ्यांनी फांद्या झोडपायच्या.

हे झोडपणं एका माणसाला आवडत नसे. त्यांचं नाव हाईम. मूळचे भायखळ्याचे, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. पन्नासेक वर्षांपूर्वी दातांचे डॉक्टर म्हणून इकडे आले, आणि आता पार्कासमोरच्या घरात एकटेच राहायचे. बायको गेल्यावर मराठी बोलायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला येत. आरतीच्या वेळी मागे शांत उभे राहत आणि जेवणाच्या वेळी पुढे. सगळे त्यांना हाईमकाका म्हणत. गेल्याच्या गेल्या वर्षी ते काठी टेकत झाडाखाली आले होते.

"पोरी, पडतील ती घे गं. झोडपू नकोस."

"काका, पडलेल्याला टोपी नसते," सुप्रभा म्हणाली होती.

"टोपीचं काय घेऊन बसलीस? या पार्कात फळ धरणारं झाड हे एकच आहे. बाकीची सगळी पोरं आहेत अजून. थंडीत पाखरं-प्राणी काय खातील बिचारे? तो निळ्या पंखाचा पक्षी बघितलास, कर्कश ओरडतो तो? त्याला इथले लोक 'जे' म्हणतात. सगळा हिवाळा तो एकॉर्नवर काढतो. खारी, उंदीर, कबुतरं, सगळ्यांचं वर्षाचं धान्य आहे हे."

"घाला की काका तुम्हीच त्यांना दाणे, तुमच्या बाल्कनीत," असं म्हणून ती हसली होती, आणि शिडीवर चढलेल्या नवऱ्याला तिनं उजवीकडची फांदी दाखवली होती. काकाही कसनुसं हसले होते. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं हसण्यावारी न्यायची सोय आपण फार पूर्वीच करून ठेवली आहे.

त्यानंतरच्या वर्षी झाडाला फळच नव्हतं. ओकचं असंच असतं, एखादं वर्ष तो अगदी हात आखडता घेतो. मंडळानं आदल्या वर्षीचं उरलेलं सोनं पुरवून पुरवून वाटलं.

यंदा मात्र झाड वाकलं होतं. एवढं फळ सुप्रभानं कधी पाहिलं नव्हतं. दसराही लवकर आला होता, त्यामुळे सप्टेंबरातच चादरी, शिडी, काठ्या निघाल्या. फळं अजून हिरवी होती, पण रंगाखाली हिरवं काय आणि पिवळं काय. हाईमकाका न्यूमोनियानं हॉस्पिटलात होते, त्यामुळे अडवायलाही कोणी नव्हतं. खोडावर एका खिळ्याला प्लॅस्टिकमध्ये घातलेला कसलासा कागद लटकत होता. सुप्रभाला गरम व्हायला लागलं तेव्हा तिनं जाकीट काढून त्याच खिळ्याला अडकवलं.

"बास की आता," शिडीवरून शशिधर म्हणाला. तो तिचा नवरा. बोलायचा कमी आणि ऐकायचा जास्त. "वर थोडी राहू दे. तो पक्षी बघ कसा ओरडतोय."

"ओरडू दे. त्याला अख्खं लंडन पडलंय. आपल्याला हे एकच झाड आहे."

शशिधरनं वरच्या फांद्याही झोडपल्या. पोत्यांवर पोती भरून गॅरेजमध्ये गेली. आठवडाभर मंडळातल्या बायका संध्याकाळी येऊन बसायच्या, गप्पा मारत एकेक एकॉर्न रंगात बुडवायच्या आणि वर्तमानपत्रावर वाळत घालायच्या. घरभर रंगाचा वास सुटला होता. इतकं सोनं झालं की नीना म्हणाल्या, यंदा मंडपाच्या माळासुद्धा याच्याच करू.

दसऱ्याच्या कार्यक्रमाला हॉल खच्चून भरला. दारातच सोनेरी माळा, टेबलावर सोन्याच्या परड्या. सुप्रभा जांभळ्या पैठणीत दाराशी उभी राहून प्रत्येकाच्या हातावर सोनं ठेवत होती. गर्दी ओसरत आली तेव्हा हाईमकाका आले. कोट अंगावर लोंबत होता, गालफडं बसली होती. हॉस्पिटलमधून आदल्याच दिवशी सोडलं होतं त्यांना.

तिनं वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या हातावर एकॉर्न ठेवलं. "सोनं घ्या काका, सोन्यासारखे राहा."

काकांनी ते बोटांत फिरवलं. चष्मा वर करून टोपी पाहिली. मग म्हणाले, "सुप्रभा, यातलं एखादं बिनरंगाचं आहे का गं?"

"कशाला काका?"

"पेरायचंय. मी आत्ता झाडापाशी जाऊन आलो. खाली काही नाही, वर काही दिसत नाही. दोन-चार मिळाली तरी चालतील."

"पुढच्या वर्षी देते तुम्हाला बाजूला काढून. प्रॉमिस."

काका तिच्याकडे बघत राहिले. तिला खरंच माहीत नाही हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. "पोरी, पुढच्या वर्षी झाड नसणारे. तोडतायत ते. आतून पोकळ झालंय, बुंध्याला बुरशी लागलीये. मुलांच्या खेळायच्या जागेवर पडलं तर काय घ्या, म्हणून कौन्सिलनं तोडायचं ठरवलंय. उन्हाळ्यापासून नोटीस लावलीये खोडावर. तू वाचली नाहीस?"

सुप्रभाच्या डोळ्यांसमोर तो खिळा आला, आणि त्यावरचं तिचं जाकीट.

ती तशीच पैठणी सावरत हॉलच्या किचनमध्ये धावली. परड्या उलट्या केल्या, खोकी पालथी घातली. शशिधरला गाडी काढायला लावून घरी गेली, गॅरेजचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, पोती झटकली. पोत्यांतून पानं पडली, काटक्या पडल्या, रिकाम्या टोप्या पडल्या. बिनरंगाचं एक फळ सापडलं नाही! कामात चोख म्हणून जिची ख्याती, तिनं एकही दाणा सुटू दिला नव्हता.

ती हॉलवर परत आली तेव्हा आवराआवर चालली होती. कागदी थाळ्या, उरलेला मसालेभात आणि द्रोण काळ्या पिशव्यांत भरले जात होते, आणि त्यांच्याबरोबर सोनं. लोकांनी घेतलेलं सोनं खुर्च्यांवर, खिडक्यांत, पायाखाली टाकून दिलं होतं. घरी नेऊन करायचं काय त्याचं? कोणीतरी झाडूनं ते एका कोपऱ्यात लोटत होतं आणि ते फरशीवर खडखडत होतं. दरवर्षी हे असंच होत असणार. ती दरवर्षी त्या वेळी स्टेजजवळ फोटो काढत असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हाईमकाकांच्या घरी गेली. पिशवीत दह्याचे रिकामे डबे होते, त्यांत माती, आणि मातीवर खरवडलेली एकॉर्न. नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं तिनं त्यांचा रंग काढला होता. बोटं लाल झाली होती.

काकांनी डबे बघितले. एक एकॉर्न उचललं आणि फळं कापायच्या सुरीनं मधोमध चिरलं. आत बी पांढुरकं, पाणचट, आक्रसलेलं होतं.

"कच्चं आहे," ते म्हणाले. "पोटात असतानाच काढलंस तू याला. रंग नसता तरी आलं नसतं."

सुप्रभा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. काकांनी चहा ठेवला. ते काही लगबगीनं समजूत काढायला आले नाहीत.

"काका, तुम्ही मला जोरात का नाही ओरडलात त्या वेळी?"

"ओरडलो असतो तर ऐकलं असतंस?"

तिनं डोळे पुसले.

"आणि मी कोणत्या तोंडानं ओरडू?" काकांनी कप तिच्यासमोर ठेवला. "आमच्यातही याच दिवसांत सण असतो, फांद्यांचा मांडव घालून त्यात जेवतात. मी तरुणपणी याच ओढ्यावरनं फांद्या तोडून नेल्यात, हव्या त्याच्या तिप्पट. देवाच्या नावावर घेतलं की आपल्याला ते घेतल्यासारखं वाटतच नाही. सणाला फूल हवं, पान हवं, फळ हवं. ठीक आहे. पण कोणाच्या ताटातलं उचलतोय ते तरी बघावं माणसानं."

"आपट्याचंही तसंच असेल नाही तिकडे? ओरबाडून नेतात झाडं."

"असेल. तिकडचं मला आता माहीत नाही. इथलं माहीत आहे." काका खिडकीतून पार्काकडे बघत होते. "तो 'जे' पक्षी असतो ना, तो एकेक एकॉर्न उचलून जमिनीत पुरून ठेवतो, थंडीसाठी. थोडी विसरतो. ती विसरलेली उगवतात. ओकचं बी लांब नेणारा तोच. आपण काय केलं, त्याचं धान्य नेलं आणि त्याचं विसरणंही नेलं."

"मी दुसऱ्या झाडाची आणते. रिचमंडला आहेत, केंब्रिजला उर्वीच्या कॉलेजजवळ आहेत. लावते मी, काका. तुम्ही सांगाल तिथे लावते."

"लाव की. पण एक सांगतो, मनात काही ठेवत नाही." काकांचा आवाज खाली आला. "मी आलो त्या वर्षी माझ्या दवाखान्याच्या आवारात एक ओक लावला होता. गुडघ्याएवढा असल्यापासून पाहिला. मी रिटायर झालो तरी फळ नाही. जवळपास चाळीस वर्षं घेतली त्यानं. पहिल्यांदा एकॉर्न धरली तेव्हा आमच्या शर्लीची आई आणि मी फोटो काढून आलो. ती पिकायच्या आतच जागा विकली गेली आणि झाड तोडलं. आता तिथे गाड्या उभ्या करतात. ओढ्याकाठी लावलेली कितीतरी गवत कापणाऱ्या यंत्राखाली गेली. काही उन्हाळ्यात वाळली. मी लावलेल्या एकाही झाडाचं फळ आजवर कोणाच्या पोटात गेलेलं नाही. म्हणून हे म्हातारं जायच्या आधी त्याचं एखादं रोप करावं, एवढी एकच हौस राहिली होती."

ती हौस तिनं टोपीसकट रंगवून वाटून टाकली होती. काकांनी "जाऊ दे" असं म्हटलं नाही.

आठवड्यानं झाड तोडलं. ती ऑफिसला न जाता बघायला गेली. यंत्राची करवत दुपारपर्यंत चालली. खोड आतून खरंच पोकळ होतं, एक माणूस उभा राहील एवढं. निळ्या पंखाचा पक्षी दोन-तीनदा आला, जिथे फांद्या होत्या तिथल्या हवेत घिरटी घातली आणि ओढ्यापलीकडे गेला. तो हिवाळाभर पुन्हा दिसला नाही. जानेवारीत पार्कातल्या खारी कचऱ्याच्या डब्यातून चिप्सची पाकिटं ओढून काढताना मात्र दिसायच्या. पूर्वीही दिसत असतील, पण तेव्हा सुप्रभाला त्यांचा संबंध कशाशी लावता येत नव्हता.

दह्याचे डबे खिडकीत होते. ती रोज पाणी घालायची. बैल गेला नि झोपा केला, हे तिला कळत होतं, तरी घालायची. मार्चमध्ये शशिधरनं एका डब्यातली माती उकरून पाहिली आणि सगळे डबे बाहेर नेऊन ठेवले. त्याच महिन्यात हाईमकाकांना त्यांची मुलगी शर्ली ग्लासगोला घेऊन गेली. त्यांना आता एकटं राहणं जमत नव्हतं. निघताना त्यांनी सुप्रभाला आपली झारी दिली.

पुढच्या दसऱ्याची मीटिंग ऑगस्टात झाली. सुप्रभा उभी राहिली. आयुष्यात तिनं एवढी तयारी करून कधी भाषण केलं नव्हतं. तिनं झाडाचं सांगितलं, पक्ष्याचं सांगितलं, खिळ्यावर अडकवलेल्या जाकिटाचंसुद्धा सांगितलं. "हे मी सुरू केलं, म्हणून बंद करायलाही मीच उभी आहे. यंदा सोनं वाटू नका. यंदा दसऱ्याला सगळे मिळून ओढ्याकाठी जाऊ आणि पडलेली, पिकलेली एकॉर्न पेरू. सीमोल्लंघनच समजा. आपल्या हयातीत त्याला फळ येणार नाही, पण आपण घेतलं त्याची थोडी तरी फेड होईल."

सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. नीनांचे तर डोळे भरून आले. "किती छान बोललीस गं. अगदी पटलं. आपण यापुढे झाडाला हातसुद्धा लावायचा नाही." आणि मग त्या म्हणाल्या, "मी ऑनलाइन बघून ठेवलंय. प्लॅस्टिकची आपट्याची पानं मिळतात, सोनेरी. किती रियल दिसतात. एकदा घेतली की प्रश्नच मिटला."

ठराव एकमताने मंजूर झाला. ओढ्यावर यायला कोण कोण तयार आहे असं विचारल्यावर पुष्कळ हात वर झाले. मंडळी, आपले हात फार चटकन वर होतात.

त्या वर्षी दसरा उशिरा, ऑक्टोबरच्या मध्याच्याही पुढे होता. आदल्या आठवड्यात ग्लासगोहून एक जड पाकीट आलं. आत एकॉर्न होती, तपकिरी, पिकलेली, एकालाही टोपी नसलेली. संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"शर्लीला घेऊन पार्कात गेलो होतो. व्हीलचेअरवर. ती गोळा करत होती आणि मी बोट दाखवत होतो. नीट बघ हं, आपल्या झाडाची नाहीत ही. त्याची भरपाई नाही व्हायची आता."

"माहितीये काका."

"पाण्यात टाकून बघ. तरंगतील ती फेकून दे, बुडतील ती पेर. वर जाळी लाव, नाहीतर खारी काढतील."

"चाळीस वर्षांनी फळ येईल त्याला. मी नसेन तेव्हा काका."

"मी तर चाळीस आठवड्यांनी नसेन बहुतेक," काका म्हणाले आणि हसता हसता खोकायला लागले. मग शर्लीनं फोन घेतला.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी पाऊस भुरभुरत होता. हात वर केलेल्यांपैकी बहुतेकांचे मेसेज आले; कोणाला सर्दी, कोणाकडे पाहुणे, कोणाची शिफ्ट. ओढ्याकाठी शेवटी सुप्रभा, शशिधर आणि केंब्रिजहून आलेली उर्वी, एवढेच होते. त्या जागेची देखभाल करणाऱ्या गटाची परवानगी सुप्रभानं आधीच काढली होती. तिघांनी बोटभर खोल खड्डे केले, एकॉर्न आडवी ठेवली, माती लोटली. जाळी काहींनाच पुरली.

"मम्मी, हे सगळे उगवेल?" उर्वीनं विचारलं. तिचं मराठी असंच होतं.

"नाही गं. बहुतेक नाही उगवणार."

"मग आपण का करतोय?"

सुप्रभानं शेवटच्या खड्ड्यावर माती लोटली. उर्वी आणि शशिधर पावसाला कंटाळून गाडीत जाऊन बसले. ती झारी घेऊन तिथल्या बाकावर बसून राहिली. समोर, जुन्या झाडाच्या जागी, भुशानं भरलेला एक गोल उरला होता. हॉलमध्ये आता प्लॅस्टिकची पानं वाटली जात असतील. ती खडखडणारही नाहीत. तिला वाटलं, काकांचं आयुष्य गेलं, त्या म्हाताऱ्या झाडाची शेदोनशे वर्षं गेली, आणि माझ्या हातून झालं ते एवढंच. खरं होतं ते. त्यात खोटी समजूत काढण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात खार आली. जाळी नसलेल्या ओळीशी थांबली, नाक मातीला लावलं आणि दोन्ही पायांनी भराभर उकरायला लागली. सुप्रभा ताडकन उठली. झारी उगारली. "हट," तिच्या तोंडातून निघालंसुद्धा. आणि मग ती तिथेच थबकली.

कोणासाठी लावलं होतं हे सगळं?

चाळीस वर्षांनी येणाऱ्या ज्या खारीसाठी ती आज चिखलात बसली होती, ती खार आत्ता, याच भुकेनं, समोर उभी होती. तिला हाकलून देऊन कुठल्या खारीसाठी झाड वाढवायचं होतं? ओकनं कधी हिशोब ठेवला नव्हता, कोणी खाल्लं, कोणी पुरलं, कोणी विसरलं. तो वर्षानुवर्षं टाकत राहिला. फळ आपलं नाही, हेच तिला इतकी वर्षं कळलं नव्हतं. झोडपताना कळलं नव्हतं आणि आज पेरतानाही पुरतं कळलं नव्हतं.

मंडळी, आपण निसर्गाचं घेतो तेव्हा सणाचं नाव घेतो, आणि परत देतो तेव्हाही आपलंच नाव लागावं अशी आपली इच्छा असते. जे मोडलं ते आपल्या हयातीत भरून येत नाही, बहुतेक वेळा कधीच येत नाही. म्हणून मोडण्याआधी खोडावरचा कागद वाचावा. आणि वाचायचं राहिलंच, तर निदान पुढचं देताना मोजत बसू नये. उगवलं तर झाड होईल, नाही उगवलं तर कोणाची तरी भूक भागेल. देणाऱ्यानं याहून जास्त मागू नये.

सुप्रभानं झारी खाली ठेवली. खारीनं एकॉर्न बाहेर काढलं, दोन्ही हातांत धरून फिरवलं आणि कुरतडायला सुरुवात केली. पावसात ती निवांत खात होती. सुप्रभा परत बाकावर बसली आणि अगदी हळू आवाजात तिला म्हणाली, "सोनं घे बाई. सोन्यासारखी राहा."